डाहरेनडॉर्फ कसा वाचायचा आणि सोसायटीच्या भांडणाला कसा लावायचा

संघर्ष सिद्धांत म्हटलं की आपल्याकडे गाडी मार्क्सपाशी जाऊन थांबते, फार तर लुइस कोजर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचं नाव निघतं, आणि जर्मन-ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ राल्फ डाहरेनडॉर्फ मात्र नोट्समधे दीड पानात उरकतात. "अधिकाराची विषम वाटणी हे संघर्षाचं मूळ", झालं, पुढचा प्रश्न. एमएच्या पहिल्या वर्षाची मुलं, सेट-नेट देणारी, यूपीएससीला समाजशास्त्र घेतलेली, सगळी मला एकच विचारतात की हा माणूस डोक्यात बसवायचा कसा, आणि मी दरवेळी तेच सांगते, पाठ करू नका, वापरून बघा. वापरायला मुंबईसारखी जागा नाही कारण इथे बिल्डिंग तिथे कमिटी आहे आणि कमिटी तिथे तिच्या विरोधातला व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मी ज्या क्रमाने शिकवते तोच क्रम खाली देतेय, तुम्ही एक वही घ्या आणि तुमची स्वतःची सोसायटी, चाळ, ऑफिस, कॉलेज, जे काय असेल ते एक ठरवा आणि शेवटपर्यंत तेच उदाहरण धरा, मधेच बदलू नका.

आधी माणूस

आयुष्य वाचायला फार वेळ लागत नाही पण ते गाळू नका, कारण हा माणूस संघर्षाला रोग का म्हणत नाही ते तिथेच कळतं.

जन्म १ मे १९२९, हॅम्बुर्ग. वडील गुस्ताव डाहरेनडॉर्फ सोशल डेमोक्रॅट, नाझी येण्याआधी राइशटागमधे, म्हणजे जर्मन संसदेत, निवडून गेलेले. २० जुलै १९४४ ला हिटलरला मारायचा कट फसला, त्यानंतर जी धरपकड झाली त्यात वडील सापडले आणि सात वर्षांची शिक्षा झाली. पोरगा तेव्हा पंधरा वर्षांचा, शाळेतल्या मित्रांबरोबर नाझींविरुद्ध लिहिणं चालू होतं, त्यालाही गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, उचललं आणि ओडर नदीकाठच्या फ्रँकफुर्टजवळ श्वेटिग म्हणून कँप होता तिथे टाकलं. जानेवारी १९४५ मधे रशियन फौजा जवळ आल्या तेव्हा सुटका. म्हणजे आपल्याकडे मुलं दहावीची तयारी करतात त्या वयात हा मुलगा छावणीत होता.

पुढचा भाग बहुतेक नोट्समधे नसतोच. युद्ध संपलं, घर बर्लिनमधे होतं, आणि तिथल्या सोव्हिएत भागात सोशल डेमोक्रॅट आणि कम्युनिस्ट हे दोन पक्ष जबरदस्तीने एक करायचं चाललं होतं. वडिलांनी विरोध केला, परत जिवाशी आलं, आणि १९४६ मधे ब्रिटिशांच्या मदतीने कुटुंब हॅम्बुर्गला निघून गेलं. दोन वर्षांच्या आत एकाच घराने दोन राजवटी बघितल्या, एक उजवी एक डावी, आणि दोघींचं म्हणणं एकच की आमच्या इथे आता मतभेद उरलेला नाही. माझ्या मते डाहरेनडॉर्फ समजायला एवढं पुरे आहे. जिथे भांडण दिसत नाही तिथे ते दाबलेलं असणार हा संशय त्यांच्या प्रत्येक पानात आहे.

बाकीचं भराभर: हॅम्बुर्गला तत्त्वज्ञान आणि ग्रीक-लॅटिन, १९५२ ला मार्क्सवर डॉक्टरेट, मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स (एलएसई), हो तेच, बाबासाहेबांनी १९२३ मधे डीएससी घेतली ते, आणि तिथे ब्रिटिश कारखान्यांतल्या अकुशल कामगारांवर दुसरी पीएचडी, १९५६. मुख्य पुस्तक जर्मनमधे १९५७, इंग्रजीत १९५९. नंतर प्राध्यापकी, मग राजकारण. लिबरल पक्षातून १९६९ ला पश्चिम जर्मनीच्या संसदेत, थोडे दिवस परराष्ट्र खात्यात, १९७० पासून युरोपियन कमिशनवर, १९७४ ते १९८४ एलएसईचे डायरेक्टर, १९८७ ते १९९७ ऑक्सफर्डच्या सेंट अँटनीज कॉलेजचे प्रमुख. १९८८ ला ब्रिटिश नागरिकत्व, १९९३ ला हाउस ऑफ लॉर्ड्स, आणि १७ जून २००९ ला कोलोनला निधन.

एक प्रसंग मात्र थांबून बघा. जानेवारी १९६८, फ्रायबुर्ग शहर, लिबरल पक्षाचं अधिवेशन, बाहेर विद्यार्थ्यांची तोबा गर्दी आणि त्यांचा नेता रुडी डुच्के. पक्षातले बरेच लोक आतच बसले आणि डाहरेनडॉर्फ बाहेर आले, एका गाडीच्या टपावर चढले आणि डुच्केशी सगळ्यांसमोर वाद घातला. दोघांचं पटलं नाही, पटणारही नव्हतं. पण समोरच्याशी वाद घालायला टपावर चढायचं, त्याला पोलिसांकडे सोपवायचं नाही, ही त्या माणसाची रीत होती आणि तोच त्यांचा सिद्धांतही आहे.

पुस्तक कुठून उघडायचं

"क्लास अँड क्लास कॉन्फ्लिक्ट इन इंडस्ट्रियल सोसायटी" हे पुस्तक आठ प्रकरणांचं आहे आणि पहिल्या पानापासून सुरू केलंत तर चौथ्या प्रकरणाच्या आत सोडून द्याल, असं होताना खूप बघितलंय. पहिला अर्धा भाग मार्क्स आणि त्याच्यानंतरच्या लोकांशी हिशेब आहे. तुम्ही थेट पाचवं उघडा, मग सहावं, मग मागे येऊन दुसरं आणि त्यानंतर पहिलं. सात आणि आठ वेळ असेल तर.

पाचव्या प्रकरणात समाजाकडे बघायच्या दोन नजरा समोरासमोर मांडल्यात, चार विधानं इकडे चार तिकडे, तेवढी वहीत उतरवून घ्या. टॅल्कट पार्सन्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाच्या वाटेने जाणारे म्हणतात समाज टिकाऊ असतो, नीट जुळलेला असतो, त्यातल्या प्रत्येक घटकाचं काहीतरी कार्य असतं आणि सगळं मूल्यांच्या एकमतावर उभं असतं. दुसरी बाजू म्हणते समाज प्रत्येक क्षणी बदलत असतो, प्रत्येक क्षणी त्यात मतभेद असतात, प्रत्येक घटक थोडाफार मोडतोडीला हातभार लावत असतो आणि सगळं काहींनी काहींवर चालवलेल्या सक्तीवर उभं असतं. आता इथे मुलं हमखास लिहितात की डाहरेनडॉर्फने पहिली नजर खोटी ठरवली. तसं नाहीये. ते म्हणतात दोन्ही खऱ्या आहेत, समाजाला दोन तोंडं आहेत, प्रश्न कुठला आहे त्यावर कुठली नजर घ्यायची ते ठरतं, आणि मला संघर्षाचा प्रश्न सोडवायचाय म्हणून मी दुसरी घेतोय.

दुसरं प्रकरण मार्क्सनंतर काय काय बदललं त्याचं आहे. मालक आणि मॅनेजर वेगळे झाले, शेअर ज्याच्या नावावर तो कारखान्यात फिरकतही नाही. कामगारही एकसारखे राहिले नाहीत, कुशल, अर्धकुशल, अकुशल असे थर पडले. मधे पगारदार मध्यमवर्ग उभा राहिला. आणि युनियन, वाटाघाटी, कायदे यामुळे कारखान्यातलं भांडण एका चौकटीत आलं. मग प्रश्न असा की मालकी हातात नसतानाही मॅनेजरचा हुकूम का चालतो? इथून त्यांचं उत्तर सुरू होतं: मालकी हा अधिकाराचा फक्त एक प्रकार आहे, भांडणाचं मूळ मालकीत नाही, अधिकारात आहे.

पहिल्या प्रकरणात एक गंमतशीर आणि धाडसी काम आहे. मार्क्सच्या "कॅपिटल"च्या तिसऱ्या खंडातलं वर्गांवरचं बावन्नावं प्रकरण जेमतेम सुरू होतं आणि तुटतं. डाहरेनडॉर्फनी मार्क्सच्या इतर लिखाणातली वाक्यं वेचून ते प्रकरण पुरं करून दाखवलंय. टीका करायच्या आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत पूर्ण करून द्यायचं, हे आपल्या सोशल मीडियावरच्या वादात कधी दिसलं तर मला कळवा.

आता वही काढा: खुर्ची आणि माणूस वेगळे करा

मी विलेपार्ल्यातली एक जुनी बिल्डिंग धरते, नाव नको. स्टिल्टमधे प्लास्टिकच्या खुर्च्या लावून सर्वसाधारण सभा, तीस सप्टेंबरच्या आत घ्यायलाच लागते म्हणून महिनाअखेरच्या रविवारी, टेबलावर इतिवृत्ताचं जाड रजिस्टर, पहिला विषय "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे" आणि तिथेच आवाज चढलेला, कारण टेरेसच्या लीकेजबद्दल मागच्या वर्षी जे बोलणं झालं ते रजिस्टरमधे लिहिलेलंच नाही.

पहिली पायरी, "सेक्रेटरी खडूस आहे" हे वाक्य खोडा. खडूसपणा माणसाचा, डाहरेनडॉर्फना खुर्चीत रस आहे. मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाकडून त्यांनी हा फरक घेतला, ताकद माणसाच्या अंगची असते, अधिकार पदाला चिकटलेला असतो, आणि अधिकार म्हणजे ठरावीक लोक ठरावीक हुकूम पाळतील याची शक्यता. मग त्या खुर्चीला काय काय चिकटलंय त्याची यादी करा. सभेचा अजेंडा कोण काढतो, इतिवृत्त कोण लिहितो, चेकवर सही कोणाची, फ्लॅट विकताना एनओसी कोणाच्या सहीने मिळते, प्लंबरला कोण बोलावतो आणि कोणाच्या घरी आधी पाठवतो. ही यादी झाली की माणूस बदलला तरी भांडण का राहतं ते आपोआप दिसतं. त्याच बिल्डिंगमधे लीकेजवर सगळ्यात जास्त ओरडणारे काका पुढच्या निवडणुकीत खजिनदार झाले आणि सहा महिन्यांत "फंड नाहीये, थोडं समजून घ्या" म्हणायला लागले. काका बिघडले नाहीत, ते यादीच्या पलीकडच्या बाजूला गेले.

दुसरी पायरी, रेघ मारा. एका संघटनेत दोनच बाजू, हुकूम देणारी आणि पाळणारी. आणि ही रेघ त्या संघटनेपुरतीच. रविवारी सभेत दरडावणारा सेक्रेटरी सोमवारी फोर्टच्या ऑफिसात साहेबापुढे रजेचा अर्ज घेऊन उभा असतो, तिथे तो पाळणाऱ्या बाजूचा. म्हणून "सत्ताधारी वर्ग" असं अख्ख्या शहराला एक लेबल लावायच्या आधी कुठल्या संघटनेत ते लिहा, परीक्षेतही लिहा.

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची. टेरेसखालच्या मजल्यावरच्या सगळ्या घरांचं छत गळतंय, त्यांचं हित एकच आहे, पण एकमेकांशी बोललेत का? नाही. शेवटच्या फ्लॅटवाल्या आजींना वाटतं फक्त माझंच नशीब. हे सुप्त हितसंबंध, आणि ही माणसं अजून खरा गट नाहीत, नुसता होऊ शकेल असा जमाव आहेत. त्यांचे हितसंबंध प्रकट होऊन हितगट उभा राहायला तीन प्रकारच्या अटी लागतात:

- तांत्रिक अट, म्हणजे पुढाकार घेणारं कोणीतरी आणि कागदावर उतरलेलं म्हणणं. इथे चौथ्या मजल्यावरच्या शाळेतल्या बाईंनी उपविधी, म्हणजे सोसायटीचे नियम, वाचून काढले आणि पाच मागण्यांचं एक पत्र केलं.
- राजकीय अट, म्हणजे संघटित व्हायची मुभा. सहकार कायद्यात एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते, ही ती मुभा. हुकूमशाहीत नेमकी हीच नसते, आणि श्वेटिगच्या कँपमधून आलेल्या माणसाने ही अट का लिहिली ते सांगायला नको.
- सामाजिक अट, म्हणजे एकमेकांशी संपर्क. निम्मे मालक ठाण्याला, एक दुबईत, फ्लॅट भाड्याने दिलेले, मग गट बांधणार कोण. व्हॉट्सॲप ग्रुपने ही एक अट स्वस्त केली, पण बाकी दोन नसतील तर ग्रुपवर नुसते गुड मॉर्निंग आणि राग, गट नाही.

मुलं या तिसऱ्या पायरीवर उदाहरण देताना घाई करतात. तुमच्या वहीतल्या उदाहरणात तीनपैकी कुठली अट नाहीये ते शोधा. बहुतेक "इथे काही भांडणच नाही" म्हणणाऱ्या जागांमधे एक तरी अट गायब असते.

तीव्रता वेगळी, हिंसा वेगळी

हा त्यांचा सर्वात कामाचा फरक आणि उत्तरपत्रिकेत सर्वात जास्त गोंधळ इथेच. तीव्रता म्हणजे माणसं भांडणात किती जीव ओततात, हरलो तर किती गमावू असं त्यांना वाटतं. हिंसा म्हणजे भांडायला हत्यार कुठलं वापरतात, चर्चा, घोषणा, संप, की मारामारी. खुर्च्या फेकल्या म्हणजे भांडण खोल आहे असं नाही आणि वर्षानुवर्ष शांतपणे कोर्टात चाललेलं भांडण आयुष्य खाऊन टाकू शकतं.

तीव्रता कधी वाढते? भांडणं एकावर एक चढली की. समजा कमिटीवरचे सगळे ए विंगचे, सगळे मोठ्या फ्लॅटवाले, सगळे एका भाषेचे, सगळ्यांकडे स्टिल्ट पार्किंग, आणि विरोधातले सगळे बी विंगचे, वन रूम किचनवाले, दुसऱ्या भाषेचे. मग लीकेजचा प्रश्न लीकेजचा राहत नाही. पण तेच जर लीकेजवर माझ्या विरोधात असलेला शेजारी पार्किंगवर माझ्या बाजूला असेल आणि गणपतीच्या वर्गणीला आम्ही दोघं मिळून दारोदार फिरत असू तर भांडण राहतं पण त्याची धार कमी होते. दुसरं म्हणजे खालून वर जायची वाट खुली आहे का. आज पाळणाऱ्या बाजूला आहे पण उद्या मी किंवा माझी मुलगी त्या खुर्चीत बसू शकते असं वाटत असेल तर तीव्रता कमी.

हिंसेचं वेगळं गणित आहे. ती मुख्यतः यावर ठरते की भांडणाचं नियमन होतंय का, आणि खालच्या बाजूचं वंचितपण कसलं आहे. दुसऱ्यापेक्षा कमी मिळतंय ही एक गोष्ट, आणि अधिकार नाही, पैसा नाही, राहायची शाश्वती नाही, काहीच नाही, ही दुसरी. दुसरीत हिंसेची शक्यता जास्त.

"निराकरण" हा शब्द त्यांच्या तोंडी घालू नका. अधिकाराची रचना आहे तोवर संघर्ष संपत नाही, तो दाबता येतो किंवा नियमात आणता येतो, आणि दाबलेला परत येतो. नियमात आणायला तीन गोष्टी हव्यात: दोन्ही बाजूंनी मान्य करायचं की समोरच्याचं भांडण वैध आहे, दोन्ही बाजू संघटित हव्यात म्हणजे बोलायचं कोणाशी ते कळतं, आणि खेळाचे नियम दोघांना मान्य हवेत. त्यानंतर समोरासमोर बोलणी, मग सल्ला देणारा तिसरा मध्यस्थ, मग निवाडा देणारा लवाद. आपल्या बिल्डिंगमधे पहिलं म्हणजे सभा, दुसरं म्हणजे दोघांचा विश्वास असलेला एखादा स्ट्रक्चरल इंजिनियर ज्याचा रिपोर्ट आधी मागवायचा, आणि तिसऱ्याच्या जवळ जाणारं म्हणजे सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय. पहिली अटच बहुतेक ठिकाणी फसते. "हे चार लोक मुद्दाम त्रास देतात" असं कमिटीने म्हटलं की पुढचं सगळं बंद.

गिरणी संपावर लावून बघा

सोसायटीवर हात बसला की मोठी केस घ्या, आणि मुंबईकराला १९८२ चा गिरणी संप सोडून दुसरी कुठली घ्यायची. १८ जानेवारी १९८२, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. मागण्या बोनस, पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणं, आणि त्याबरोबरच मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा.

ही शेवटची मागणी नीट बघा कारण डाहरेनडॉर्फ इथेच उपयोगी पडतात. १९४६ च्या त्या कायद्याने एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन, आणि ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. म्हणजे वाटाघाटीच्या टेबलावर कायद्याने बसू शकणारी संघटना एक आणि लाखो कामगार ज्याच्या मागे निघाले तो नेता टेबलाच्या बाहेर. गट होता, पुढारी होता, मागण्यांचा कागद होता, संपर्काचं तर विचारूच नका, पण राजकीय अट अर्धीच होती. आणि नियमनाच्या तीन अटींपैकी खेळाच्या नियमांवरच भांडण होतं, मग नियमन होणार कसं.

तीव्रतेचं बघा. लालबाग, परळ, वरळी, गिरणी आणि चाळ एकाच भोंग्यावर चालणारी. जो खात्यात शेजारी तोच खोलीत शेजारी, तोच कोकणातल्या नाहीतर घाटावरच्या एकाच तालुक्यातला, खानावळ तीच, भजनी मंडळ तेच, गणपती तोच. कामाची रेघ, घराची रेघ, भाषेची आणि गावाची रेघ, सगळ्या एकावर एक. म्हणून उपाशीपोटी, भांडी विकून, गावाला जाऊन शेतमजुरी करून लोकांनी संप ओढला. "एवढं हट्टाने का ताणलं" असं आज कोणी म्हणतं तेव्हा मला राग येतो, कारण संप हरला तर नुसती नोकरी जाणार नव्हती, राहतं जग जाणार होतं, आणि तसंच झालं. संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, विरत गेला, गिरण्या एकेक बंद पडत गेल्या, जमिनींवर मॉल आणि टॉवर आले.

सहाव्या प्रकरणातलं अजून एक हत्यार इथे वापरा. संघर्षातून रचना बदलते ती तीन तऱ्हांनी: हुकूम देणारे सगळेच बदलतात, किंवा काही बदलतात, किंवा माणसं तीच राहतात पण खालच्यांच्या हिताचं काहीतरी धोरणात घेतात. सोसायटीत अख्खं पॅनल पडलं ही पहिली तऱ्हा, विरोधातल्या दोघांना कमिटीवर घेतलं ही दुसरी, कमिटी तीच पण टेरेसचं वॉटरप्रूफिंग मंजूर झालं ही तिसरी. गिरणी संपाला तिन्हींतली कुठली लागू पडते ते स्वतः लिहून बघा. माझ्या वर्गात यावर नेहमी दोन तट पडतात आणि मी मधे पडत नाही.

कुठे कमी पडतात

टीकेचा भाग लिहिताना "त्यांनी एकमताकडे दुर्लक्ष केलं" असलं गुळगुळीत लिहू नका, नेमकं लिहा.

पहिलं, दोनच बाजू हे फार घट्ट आहे. गिरणीतला जॉबर हुकूम घेतही होता आणि देतही होता, कामाला लावायचा, कर्ज द्यायचा, गाववालाही असायचा. डाहरेनडॉर्फच्या हिशेबात थोडा जरी अधिकार असला तरी तो वरच्या बाजूचा. प्रत्यक्षात संपाच्या वेळी असा माणूस कुठे उभा राहील ते या रेघेवरून सांगता येत नाही.

दुसरं आणि आपल्यासाठी फार मोठं, खुर्चीत कोण बसणार आणि झाडू कोणाच्या हातात येणार हे आधीच कसं ठरतं याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. त्याच पार्ल्याच्या बिल्डिंगमधे जिना झाडणारी बाई सभासदच नाही, सभेत तिला बोलायचा हक्क नाही, तिची नोकरी एका कंत्राटदाराकडे. अधिकाराची रेघ दिसते पण रेघेच्या त्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या त्याच जातीची माणसं का, हे रेघ सांगत नाही. बाबासाहेबांनी १९३६ मधेच लिहून ठेवलंय की जात ही श्रमांची नाही, श्रमिकांची विभागणी आहे. उत्तरात डाहरेनडॉर्फशेजारी हा मुद्दा ठेवा. तीव्रतेचं ते रेघांवर रेघा चढण्याचं म्हणणं जातीला लावलं तर उलट जास्त धारदार होतं, कारण जातीत काम, वस्ती, लग्न, पाणी सगळ्याच रेघा एकावर एक असतात, आणि हे जोडून दाखवणारं उत्तर तपासणारा विसरत नाही.

घरातलं बाईचं स्थान हा तिसरा मुद्दा, घर ही पण हुकूम आणि पालनावर चालणारी संघटना आहे का यावर दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल.

उत्तर लिहिताना

दहा मार्कांना आयुष्य दोन ओळी, १९५७-५९ चं पुस्तक, दोन तोंडांचा समाज, अधिकार पदाला चिकटलेला, सुप्त ते प्रकट, तीन अटी, तीव्रता आणि हिंसा, नियमन, आणि एक आपलं उदाहरण. वीस मार्कांना त्यात मार्क्सशी तुलना आणि टीका. कोजरशी गल्लत करू नका, लुइस कोजरचं पुस्तक १९५६ चं आणि त्यांचा भर संघर्षाने गट कसा घट्ट होतो, टिकतो यावर आहे, डाहरेनडॉर्फचा भर संघर्षाने रचना कशी बदलते यावर. आणि त्यांना मार्क्सवादी म्हणू नका, ते विचाराने लिबरल होते, मार्क्सकडून त्यांनी प्रश्न घेतला, उत्तर नाही.

मुख्य पुस्तकाची चार प्रकरणं झाली की "आउट ऑफ युटोपिया" हा १९५८ चा निबंध वाचा, छोटा आहे आणि भांडखोर आहे, पार्सन्सची सगळी मंडळी त्यात अंगावर घेतलीत. त्यानंतर १९७९ चं "लाइफ चान्सेस". त्यात ते म्हणतात माणसाच्या आयुष्यातल्या संधी दोन गोष्टींनी बनतात, निवडीचे पर्याय आणि माणसं-जागा-श्रद्धा यांच्याशी असलेले बंध. पर्याय वाढले आणि बंध तुटले तर निवडायला पुष्कळ असतं पण कशासाठी निवडायचं ते कळत नाही, बंध आहेत आणि पर्याय नाहीत तर गुदमरायला होतं. हे वाचताना वहीत दोन रकाने करा आणि चाळीतून रीडेव्हलपमेंटच्या टॉवरमधे गेलेल्या तुमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला बसवून विचारा, पर्यायात काय आलं आणि बंधांतलं काय गेलं. घरातल्या आजीला आणि कॉलेजला जाणाऱ्या नातीला वेगवेगळं विचारा, दोघींना एकत्र बसवू नका.